गाडीच्या पाटीवरची चार अक्षरं आणि लांबात लांब इंग्रजी शब्द : तुम्ही कसे शोधता?

खाडीपलीकडची

नमस्कार मंडळी. आम्ही ऐरोलीचे. लेक सातवीत, मराठी माध्यमात. दर शनिवारी राम मारुती रोडजवळ तिचा तबल्याचा क्लास असतो. लोकलनं दोनच स्टेशनं, पण तबला-डग्गा सांभाळत ठाणे स्टेशनचे जिने चढणं नको होतं, म्हणून आम्ही बसनं जातो. विटाव्याच्या रेल्वेपुलापाशी बस हमखास अडकते आणि तिथे आमचा खेळ सुरू होतो. समोरच्या गाडीच्या पाटीवरची अक्षरं घ्यायची. एम आणि एच तर असतातच, त्यांच्यापुढे मालिकेची दोन. ही चारही अक्षरं ज्यात आहेत असा जास्तीत जास्त लांब इंग्रजी शब्द शोधायचा. क्रम कसाही चालतो, मधे इतर अक्षरं कितीही येऊ देत.

गेल्या शनिवारी जे-जी आली. लेकीनं बऱ्याच विचारानं 'माहजाँग' काढला. सात अक्षरं. मला तोही सुचला नसता, मी खूष. मागच्या सीटवर तिच्याच वयाचा एक मुलगा ऐकत होता. त्यानं फोनमध्ये चार अक्षरं टाकली आणि दोन सेकंदांत अकरा अक्षरांचा शब्द वाचून दाखवला. नीट उच्चारताही येईना त्याला, अर्थ तर नाहीच. पण अकरा म्हणजे अकरा. लेक कळवा नाक्यापर्यंत गप्प बसली आणि मग म्हणाली, "मग आपण डोकं कशाला चालवायचं?"

मला उत्तर देता आलं नाही. ते शोधायलाच हा धागा काढतेय. कागद-पेन्सिलीवर असे शब्द शोधायची काही रीत आहे का? शिवाय यंदा सोसायटीच्या गणपतीत मुलांसाठी हीच स्पर्धा ठेवायचं घाटतंय. त्यात फोन चालू द्यावा की नाही?

नौपाडाकर

ताई, आम्ही घोडबंदर रोडवर हाच खेळ खेळतो! माजिवडा ते मानपाडा एवढ्या अंतरात माझी दोन्ही मुलं चार-पाच पाट्या सहज संपवतात.

एक साधी युक्ती सांगतो. अक्षरं ओळीत लिहू नका, गोल लिहा. ओळीत लिहिली की डोळा डावीकडून उजवीकडेच वाचत राहतो आणि तोच न होणारा शब्द पुन्हा पुन्हा दिसतो. गोलात सुरुवात कुठेच नसते, त्यामुळे मेंदूला नव्या जोड्या सुचतात.

घणसोली_कट्टा

फोन हे कसं करतो ते सांगतो, म्हणजे त्याचं दडपण जाईल.

असं समजा की प्रत्येक शब्दाजवळ २६ दिव्यांची पट्टी आहे, ए ते झेड. शब्दात जी अक्षरं आहेत तेवढेच दिवे पेटलेले. तुम्ही चार अक्षरं दिलीत की यंत्र शब्दकोशातल्या प्रत्येक शब्दाच्या पट्टीवर ते चार दिवे पेटलेले आहेत का एवढंच बघतं. असतील तर शब्द ठेवायचा, नाहीतर पुढे. शेवटी उरलेले शब्द लांबीनुसार लावायचे. लिनक्सच्या संगणकावर बहुधा शब्दांची एक फाईल असतेच. तिच्यावर 'ग्रेप' नावाची आज्ञा चार वेळा, एकेका अक्षरासाठी चालवली तरी हेच काम होतं. या सगळ्यात यंत्राला एकाही शब्दाचा अर्थ कळलेला नसतो. त्याच्या लेखी ते नुसते दिवे.

तो अकरा अक्षरी शब्द बहुतेक 'थिंगमजिग' असावा. टी-एच-आय-एन-जी-यू-एम-ए-जे-आय-जी. यू च्या जागी ए लिहिलेलं रूपही कोशात सापडतं, तेही अकराच. अर्थ असा की ज्या वस्तूचं नाव ऐनवेळी आठवत नाही ती.

खाडीपलीकडची

हाच! हाच होता तो!

लेकीला अर्थ वाचून दाखवला तर खुदकन हसली. आमच्या सासूबाई दिवसभर "ते हे आण गं, ते... आपलं ते हे" करत असतात. आता घरात सांडशीपासून रिमोटपर्यंत सगळं थिंगमजिग झालंय.

तारबाबू

मी तार खात्यातून निवृत्त झालो, राहायला कोपरीला. जुलै २०१३ मध्ये देशातली तारसेवा बंद झाली, पण अक्षरं माझ्या कानातून गेलेली नाहीत. तुमच्या पाटीवरचं एम-एच मला आजही डॅश डॅश, डॉट डॉट डॉट डॉट असं ऐकू येतं.

हे सांगायचं कारण असं की मोर्सच्या लिपीतच तुमच्या खेळाची पहिली किल्ली आहे. जे अक्षर जास्त वापरात, त्याची खूण आखूड. ई म्हणजे एकच डॉट, टी म्हणजे एकच डॅश. आणि क्वचित लागणारी अक्षरं लांब. जे म्हणजे डॉट डॅश डॅश डॅश, क्यू म्हणजे डॅश डॅश डॉट डॅश. म्हणजे पाटीवर कुठलं अक्षर स्वस्त आणि कुठलं महाग हे बोटांना आधीच ठाऊक.

स्क्रॅबलमध्येही हाच हिशोब आहे. आल्फ्रेड बट्स नावाचा अमेरिकन वास्तुविशारद १९३० च्या मंदीत बेकार झाला. त्यानं वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावरची अक्षरं मोजली आणि त्यावरून खेळातल्या सोंगट्या ठरवल्या. स्क्रॅबल हे नाव नंतरचं, १९४८ चं. १०० सोंगट्यांत ई बारा, तर जे, के, क्यू, एक्स, झेड एकेकच. एस मात्र मुद्दाम चारच ठेवले, कारण अनेकवचन करून गुण लाटणं फार सोपं झालं असतं.

तेव्हा लेकीला सांगा, पाटीवरचं सगळ्यात महाग अक्षर आधी धर. त्यात बसणारे शब्द थोडेच असतात, चाळायला वेळ लागत नाही. स्वस्त अक्षरं आपसूक येऊन मिळतात.

अआइई

मला हे पटत नाहीये, स्पष्टच सांगते. मराठी माध्यमातली मुलगी, मराठी कुटुंब, गणपतीचा उत्सव आणि स्पर्धा इंग्रजी शब्दांची? मराठीत शब्दखेळ काय कमी आहेत? 'ती होडी जाडी होती', 'रामाला भाला मारा' उलटं वाचून आम्ही लहानपणी दुपारच्या दुपारी घालवल्या.

नौपाडाकर

'चिमा काय कामाची' राहिलं :)

कोळीवाडा

आणि 'नवजीवन'.

खाडीपलीकडची

@अआइई, तुमची तळमळ कळते, माझीही तीच आहे. आम्ही मराठीत करून पाहिलं, अगदी महिनाभर. दुकानांच्या पाट्यांवरून तीन अक्षरं घ्यायची आणि शब्द करायचा. पहिलं भांडण झालं ते अक्षर कशाला म्हणायचं यावर. 'स्त्री' हे लिहायला एक अक्षर, पण वर्ण मोजले तर स्, त्, र्, ई असे चार. काना-मात्रा धरायच्या की सोडायच्या? 'क' मागितला तर 'कि' चालेल का? दुसरं म्हणजे समास. आमच्या बाईसाहेब शब्दाला शब्द जोडत सुटल्या, 'गणेशमूर्तिविसर्जनमिरवणूक' वगैरे, आणि व्याकरणानं ते चूक म्हणता येईना. जिथे शब्द हवा तेवढा वाढवता येतो तिथे 'सगळ्यात लांब' ठरणार कसं? इंग्रजीत शब्द कोशात आहे किंवा नाही, एवढ्यावर प्रश्न मिटतो. म्हणून हा खेळ तिथे बरा चालतो.

अआइई

समासाचा मुद्दा मान्य. स्त्रीचे वर्ण चार, हेही बरोबर. माझा विरोध अर्ध्यावर आणते :)

जुईनगरची_जुई

मी मराठी शाळेत इंग्रजी शिकवते, १९ वर्षं झाली. ताई, तुमच्या लेकीनं विचारलेला प्रश्न मला वर्गात दरवर्षी ऐकू येतो, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मुलं अडतात कारण ती एकेक अक्षर शोधतात. अक्षरं शोधायचीच नाहीत, तुकडे शोधायचे. मराठी व्याकरणात आपण उपसर्ग आणि प्रत्यय शिकवतोच: बे, गैर, ना पुढे लागतात, पणा, दार, खोर मागे. शब्दाला सांधे असतात हे मराठी माध्यमाच्या मुलाला माहीत असतं. तेच इंग्रजीला लावायचं.

आता तुमची गंमत अशी की महाराष्ट्राच्या प्रत्येक पाटीवर एम आणि एच ठरलेले आहेत. म्हणजे ही दोन अक्षरं एकत्र आणणारे तुकडे एकदा पाठ केले की निम्मं काम झालं. सगळ्यात दणकट तुकडा म्हणजे 'मनशिप'. एम-ए-एन-एस-एच-आय-पी. यात एम आहे, एच आहे, वर पी, एस, एन फुकट. आता पुढे काय जोडता येईल ते बघा. 'वर्क' जोडलं की वर्कमनशिप, अकरा अक्षरं, डब्ल्यू आणि के दोन्ही महाग अक्षरं खिशात. क्राफ्ट्समनशिप तेरा, त्यात सी आणि एफ. ब्रिंकमनशिप बारा, त्यात बी आणि के. हॉर्समनशिप बारा, स्पोर्ट्समनशिप तेरा. सातवीच्या मुलाला यातले निम्मे अर्थ आधीच माहीत असतात आणि उरलेले सांगितले की कळतात.

दुसरा खजिना ग्रीकमधून आलेल्या शब्दांचा. थर्म, केम, मॉर्फ, मिथ, रिदम, हेमी, अँफी. यांत एच इतका का येतो, ते मुलांना देवनागरीवरून पटकन समजतं. आपल्याकडे ख, थ, फ यांना एकेक अक्षर आहे. ग्रीकमध्येही खाय, थीटा, फाय अशी एकेक अक्षरं होती. रोमन लिपीत तशी अक्षरं नव्हती, म्हणून सी, टी, पी यांच्या शेजारी एच बसवला. जिथे मूळ ग्रीक महाप्राण, तिथे इंग्रजीत एच. माझ्या वर्गातली मुलं हे कळल्यावर 'ऱ्हिदम'चं स्पेलिंग पुन्हा कधी चुकली नाहीत.

लेकीला सुट्टीत ठाण्याच्या मराठी ग्रंथ संग्रहालयात घेऊन जा. १८९३ पासूनची संस्था आहे. जाडा कोश टेबलावर उघडून बसलं की एका मुळाचे शब्द शेजारी शेजारी दिसतात. फोन एक शब्द देतो आणि बंद होतो.

रेषाकाम

मनशिप वाचलं आणि राहवलं नाही. मी आरेखक म्हणून ३२ वर्षं नोकरी केली, बेलापूरला. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली त्यानंतरच्या दोन दशकांत इथे जे उभं राहिलं ते आधी आमच्यासारख्यांच्या टी-स्क्वेअरखालून गेलं. ट्रेसिंग पेपर, शाईची पेनं, चुकलं की ब्लेडनं अलगद खरवडायचं.

तर आमच्या कामाचं नाव ब्रिटिश स्पेलिंगनं लिहा: ड्राफ्ट्समनशिप. डी-आर-ए-यू-जी-एच-टी-एस-एम-ए-एन-एस-एच-आय-पी. पंधरा अक्षरं! हजेरीपटावर रोज 'ड्राफ्ट्समन' लिहिलं, पण त्यात जी आणि यू असल्याचा एवढा फायदा होईल असं वाटलं नव्हतं. डी-जी, यू-टी, जी-पी कुठलीही पाटी येऊ दे.

मीठागर

वा, काका!

थोडं गणित करतो. मालिकेत आय आणि ओ वापरत नाहीत, एक आणि शून्याशी गल्लत होते म्हणून. २०२१ मध्ये भारत मालिका आली तेव्हा तिच्या नियमात तर हे स्पष्टच लिहिलं होतं. म्हणजे उरली २४ अक्षरं. दोन जागा, २४ गुणिले २४, झाले ५७६. पण आपल्या खेळात क्रमाला महत्त्व नाही, जे-जी आणि जी-जे एकच. तेव्हा वेगवेगळ्या अक्षरांच्या जोड्या २७६ आणि एकाच अक्षराच्या, म्हणजे ए-ए, बी-बी अशा २४. एकूण ३००.

म्हणजे हा खेळ अथांग नाही. तीनशेच घरं आहेत. एका मोठ्या कागदावर मावतील. यातून आणखी एक कळतं: पाटीवर स्वर मिळाला तर ए, ई किंवा यू यांपैकीच. आय आणि ओ आपल्याला कधीच मागितले जाणार नाहीत.

खाडीपलीकडची

तीनशे घरं! कागद आजच आणते. लेक म्हणते रेघा ती मारणार.

चष्मेवाली

मी नेत्रविभागात परिचारिका आहे. नौपाड्यात दर दोन इमारतींमागे एक पाटी दिसते: ऑफ्थल्मॉलॉजिस्ट. पंधरा अक्षरं, एम आहे आणि एच दोनदा, ओ-पी-एच-टी-एच. पहिला एच बोलण्यात गिळला जातो म्हणून लिहिताना भल्याभल्यांचा राहतो.

सी-एक्स ची पाटी कुणाला अडली तर 'झँथोक्रोमिया' घ्या. एक्स-ए-एन-टी-एच-ओ-सी-एच-आर-ओ-एम-आय-ए, तेरा. मेंदूभोवतीच्या द्रवाला पिवळसर रंग येतो, त्याला म्हणतात. 'झँथो' म्हणजे पिवळा, 'क्रोम' म्हणजे रंग. जुईताई म्हणतात तसे सांधे बघा, शब्द पाठ करावाच लागत नाही.

नौपाडाकर

जी-झेड साठी आज सकाळी दुधाची पिशवी कापताना शब्द मिळाला. होमोजनाइज्ड! अकरा अक्षरं.

अआइई

आमच्याकडच्या पिशवीवर ते एस नं लिहिलंय, झेड नं नाही. घर रद्द.

नौपाडाकर

अहो ताई, तोंडाशी आलेला घास...

जुईनगरची_जुई

रद्द नाही. ब्रिटिश पद्धतीत दोन्ही चालतं आणि ऑक्सफर्डचा कोश तर झेडचं रूप आधी देतो. शाळेत आपण एस शिकवतो म्हणून झेड 'अमेरिकन' वाटतो एवढंच. दोन्ही स्पेलिंग ग्राह्य धरावीत असं माझं मत.

दस्तलेखक

कोर्टनाका. ३० वर्षं मृत्युपत्रं आणि बक्षीसपत्रं लिहितोय. बी-क्यू ची पाटी आमच्याच दाराशी उभी असते, तिच्यासाठी 'बिक्वीदमेंट'. बी-ई-क्यू-यू-ई-ए-टी-एच-एम-ई-एन-टी, बारा अक्षरं. मृत्युपत्रानं दिलेलं. क्यू च्या पाटीला घाबरायचं नाही. क्यू आला की यू त्याच्यामागून येतोच, म्हणजे दोन अक्षरांची जागा आधीच ठरली.

कोळीवाडा

एफ-के ला मिल्कफिश घ्या. आठच अक्षरं, पण खरा मासा आहे, निमखाऱ्या पाण्यात पाळतात. यापेक्षा लांब कुणाला सापडला तर सांगा, आम्ही जागा सोडू.

रबाळे_प्रयोगशाळा

ठाणे-बेलापूर पट्ट्यात रसायनांचं काम करतो. एक्स-झेड कुणी भरलं नाही ना? हेक्झामिथाइलबेन्झीन. एच-ई-एक्स-ए-एम-ई-टी-एच-वाय-एल-बी-ई-एन-झेड-ई-एन-ई. सतरा अक्षरं. हेक्झा म्हणजे सहा, बेन्झीनच्या कड्याला सहा मिथाइल गट.

घणसोली_कट्टा

रसायनांची नावं धरायची का? मग खेळच संपला, कुठलंही नाव पानभर लांबवता येईल. ताईंनी मराठी समासाबद्दल जे सांगितलं तेच इथे होणार.

रबाळे_प्रयोगशाळा

रास्त शंका. पण हे मी मनानं जोडलेलं नाव नाही, बाटलीवर हेच छापलेलं असतं. तरी मुलांच्या स्पर्धेत साध्या कोशात नसलेलं रसायन घेऊ नये, हे मलाही पटतं. मोठ्यांच्या कागदावर मात्र माझं घर राहू द्या.

खाडीपलीकडची

राहिलं. पेन्सिलीनं लिहिलंय, शेजारी बाटलीचं चित्र काढून.

नियमांचं आता ठरवायला हवं, गणपती दोन आठवड्यांवर आलेत. विशेषनामं नाहीत, हे सगळ्यांना मान्य दिसतं. नुसता एस लावून अनेकवचन नाही, तारबाबू काकांच्या स्क्रॅबलच्या गोष्टीवरून. पाटीवर जी-जी असेल तर शब्दात दोन जी हवेत का? माझं मत हवेत. फोनचं काय करू?

तारबाबू

जी-जी ला थिंगमजिग चालतो, त्यात दोन जी आहेत. मोजून पाहा.

नौपाडाकर

फोन बंद. सरळ गेटवर टोपलीत गोळा करा.

घणसोली_कट्टा

माझं थोडं वेगळं आहे. मी स्वतः अशा याद्या चालवतो आणि त्यातून शब्द शिकलोय. घरी सराव करताना फोन असू दे. स्पर्धेत मात्र शब्द सांगितला की अर्थ मराठीत सांगायचा आणि एका वाक्यात वापरून दाखवायचा. नाही जमलं तर शब्द बाद. बसमधला मुलगा या नियमात अकरा अक्षरांसकट बाद झाला असता, आणि तुमची लेक सात अक्षरांवर जिंकली असती.

जुईनगरची_जुई

याला माझं पूर्ण अनुमोदन. फोन काढून घेतला तर मुलं फोनवर चिडतील. अर्थ विचारला तर पुढच्या वेळी अर्थ बघून येतील.

चष्मेवाली

+१

अआइई

अर्थ मराठीत सांगायचा असेल तर माझा उरलेला अर्धा विरोधही मागे. मीच परीक्षक म्हणून येते, बोलवत असाल तर.

खाडीपलीकडची

अहो, या ना! सोसायटीचा पत्ता व्यक्तिगत निरोपातून कळवते.

रेषाकाम

विषयांतर. मीठागर, तुम्ही घरं मोजता म्हणून विचारतो. एका शब्दात किती घरं भरतात याचा हिशोब केलात का? माझा शब्द किती भरतो?

मीठागर

काका, तुमच्या शब्दात एम, एच आणि आय सोडले तर नऊ वेगवेगळी अक्षरं उरतात: डी, आर, ए, यू, जी, टी, एस, एन, पी. नऊ अक्षरांच्या जोड्या ३६. म्हणजे एकट्या ड्राफ्ट्समनशिपनं ३६ घरं भरली.

थर्मोडायनॅमिकली, सतरा अक्षरी, तोही बरोब्बर ३६ भरतो. बरोबरी :)

रेषाकाम

बरोबरी मान्य. पण माझ्यात यू आहे.

चष्मेवाली

थांबा, थांबा. माझी भाची वैद्यकीयला पहिल्या वर्षाला आहे, काल रात्री तिनं एक शब्द दिला. डर्मॅटोग्लिफिक्स. डी-ई-आर-एम-ए-टी-ओ-जी-एल-वाय-पी-एच-आय-सी-एस. बोटांवरच्या आणि तळहातावरच्या रेघांचा अभ्यास. हॅरोल्ड कमिन्स या अमेरिकन शरीरशास्त्रज्ञानं १९२६ मध्ये हे नाव रूढ केलं. 'डर्मा' म्हणजे त्वचा, 'ग्लिफ' म्हणजे कोरलेलं. पंधरा अक्षरं आणि त्यातलं एकही दुसऱ्यांदा येत नाही!

मीठागर

हा शब्द पाहून मी जेवता जेवता उठलो.

एम, एच, आय, ओ वजा केले तरी अकरा अक्षरं उरतात. जोड्या ५५! यात काकांच्या शब्दानं नवीन १५ घरं घातली, थर्मोडायनॅमिकलीनं आणखी ४. तीन शब्दांत ७४ घरं, २७६ पैकी. आता उरलीत ती बहुतेक महाग अक्षरांची, जे, क्यू, एक्स, झेड, व्ही, के, डब्ल्यू, एफ, आणि मधे बी.

तारबाबू

बोटांच्या ठशांचा विषय निघालाच आहे तर सांगतो. ठसे वर्गवारीनं लावून ठेवणारी जगातली पहिली कचेरी १८९७ मध्ये कलकत्त्यात सुरू झाली. वर्गीकरण एडवर्ड हेन्रीच्या नावानं ओळखलं जातं, पण त्यामागची मेहनत अझिझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन भारतीयांची. ही नावं मुलांना जरूर सांगा.

नौपाडाकर

व्ही-डब्ल्यू भरलं! ओव्हरव्हेल्मिंग, बारा. एल-वाय लावलं की चौदा. कापूरबावडीच्या सिग्नलला मुलीनं काढला, मी नुसता गाडी चालवत होतो.

जुईनगरची_जुई

व्ही-बी ला बिहेव्हिअरिझम. बारा अक्षरं, ब्रिटिश स्पेलिंग. बी ची घरं अशीच एकेक करून भरावी लागणार.

खाडीपलीकडची

उशीर झाला कळवायला, विसर्जनानंतर दोन दिवस झोपच काढली.

स्पर्धा झाली. १४ मुलं होती, पाचवी ते नववी. पाट्या खऱ्या नव्हत्या, रेषाकाम काकांनी स्वतः पुठ्ठ्यावर आखून पाठवल्या होत्या, पांढऱ्यावर काळी अक्षरं, अगदी खऱ्यासारखी. अआइई ताई परीक्षक म्हणून आल्या आणि प्रत्येक मुलाला अर्थ विचारताना इतक्या प्रेमानं विचारत होत्या की चुकलेली मुलंही पुन्हा रांगेत उभी राहिली. एका मुलानं 'थर्मामीटर' सांगून अर्थ दिला, "आई कपाळाला हात लावते त्याच्याऐवजी जे लावतात ते." ताईंनी तो मान्य केला.

आमच्या लेकीला बी-पी ची पाटी आली. मी मागे बसून मनातल्या मनात मेंबरशिप, मेंबरशिप करत होते. तिनं डोळे मिटले, बोटं मोजली आणि म्हणाली, 'थंबप्रिंट'. दहा अक्षरं. मेंबरशिपही दहाच. ताईंनी अर्थ विचारला. ती म्हणाली, "अंगठ्याचा ठसा. माझी पणजी पोस्टात पैसे काढताना उठवायची." नंतर मी विचारलं, कसा सुचला? म्हणे, धाग्यावर त्या बोटांच्या रेघांचा शब्द वाचल्यापासून ती घरातल्या बोटांच्या सगळ्या गोष्टींची इंग्रजी नावं शोधत होती.

पहिला नंबर नववीतल्या मुलाचा आला, क्राफ्ट्समनशिपवर. लेकीचा तिसरा. काल शनिवारी विटाव्याला बस थांबली तेव्हा तो फोनवाला मुलगा पुन्हा दिसला. लेकीनंच त्याला तीनशे घरांचा कागद दाखवला. आता तोही पेन्सिल घेऊन बसतो.

अआइई

पणजीचं ऐकून माझेच डोळे भरून आले होते. पुढच्या वर्षी मराठीतही एक फेरी ठेवा, 'अक्षर' कशाला म्हणायचं ते मी आधी ठरवून आणते.

कोळीवाडा

एफ-के ला मिल्कफिशपेक्षा लांब सापडला का कुणाला?

घणसोली_कट्टा

मी यादी चालवून बघितली नाही. मुद्दामच. मुलांना आधी शोधू द्या.

मीठागर

२११ घरं भरली. जे-क्यू, जे-एक्स, क्यू-एक्स अजून कोरी आहेत. कागदाचा फोटो उद्या टाकतो.